नव्वद अंशांचा कोन एकोणनव्वद का होतो

साचा बरोबर नव्वद अंशांचा आहे, तपासून घेतलेला. त्यावर कार्बन फायबरच्या प्रीप्रेगचे थर एकावर एक बसवले, व्हॅक्यूम बॅग लावली, ऑटोक्लेव्हमध्ये १८० अंश सेल्सिअसला दोन तास शिजवले आणि हळूहळू थंड केले. भाग साच्यावरून सोडवला, कोन मोजला, तर तो ८९ अंश. एल आकाराच्या ब्रॅकेटची फ्लँज ३०० मिलिमीटर लांब असेल, तर एक अंश म्हणजे टोकाशी पाच मिलिमीटरची फट. ही फट बोल्ट आवळून मिटवता येत नाही. मिटलेला कोन जबरदस्तीने उघडला की कोपऱ्यातले थर एकमेकांपासून सुटू पाहतात, आणि थर सुटणे हे या पदार्थाचे सगळ्यात हळवे दुखणे आहे.

मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही सगळ्यांनी आधी साचाच पुन्हा मोजला. साच्यात काही चूक नव्हती. कापणीत, थर लावण्यात, तापमानाच्या नोंदीतही नव्हती. सगळे नीट केले म्हणूनच कोन मिटला होता. क्युअरिंग होताना पदार्थाच्या अंगात जो ताण साठतो, त्याने भाग वाकवला होता. हा अंगात उरलेला ताण, ज्याला सगळे रेसिड्युअल स्ट्रेस म्हणतात, संगणकावर आधीच कसा मांडायचा, याविषयी हा लेख आहे. कम्पोझिटमध्ये एम.टेक. करणारे विद्यार्थी आणि एफईएच्या कामात नव्याने आलेले इंजिनिअर माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांच्यातले बरेच जण पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर उघडतात. माझे सांगणे असे की पहिला दिवस कागदावर घालवा. पुढचे महिने वाचतात.

आधी ताण येतो कुठून ते पाहू. कार्बनचा तंतू तापवला तर लांबीच्या दिशेने जवळजवळ वाढतच नाही, उलट किंचित आखडतो. एपॉक्सी रेझिन मात्र दर अंशाला दहा लाखांत ५० ते ६० भाग वाढते. दोन्ही मिळून झालेल्या एकदिशा थरात तंतूच्या दिशेने प्रसरण गुणांक शून्याच्या आसपास असतो आणि आडव्या दिशेने साधारण ३०. असे थर एकमेकांशी काटकोनात चिकटवले की थंड होताना प्रत्येक थर आडवा आखडू पाहतो आणि शेजारचा थर त्याला आखडू देत नाही. हे पहिले कारण, औष्णिक. दुसरे कारण रासायनिक. रेझिनचे रेणू एकमेकांना जोडले जाताना त्याचे आकारमानच काही टक्क्यांनी घटते, तापमान बदलो वा न बदलो. तिसरे कारण साच्याचे, त्याकडे नंतर येतो.

आता कागद घ्या. तंतूच्या दिशेचा मॉड्युलस १३५ गिगापास्कल, आडवा ९.५, पॉयसन गुणोत्तर ०.३, प्रसरण गुणांक अनुक्रमे शून्य आणि ३०. शून्य आणि नव्वद अंशांचे थर निम्मे-निम्मे, आणि मांडणी मधल्या पातळीभोवती सममित. तापमान १८० वरून २५ वर आले, म्हणजे १५५ अंशांची घट. क्लासिकल लॅमिनेट थिअरीने हे गणित अर्ध्या पानात होते. अख्ख्या लॅमिनेटचा प्रसरण गुणांक सुमारे २.५ निघतो आणि प्रत्येक थरात तंतूंच्या आडव्या दिशेने सुमारे ४० मेगापास्कलचा ओढणारा ताण उरतो. तंतूच्या दिशेने तेवढाच दाबणारा.

चाळीस हा आकडा ऐकायला लहान वाटेल, पण अशा थराची आडवी ताणशक्ती साधारण ५० ते ८० मेगापास्कल असते. म्हणजे भागावर अजून कुणी बोटसुद्धा ठेवलेले नाही आणि रेझिनची निम्म्याहून अधिक सहनशक्ती खर्च झालेली आहे. तोच भाग उंचावर उणे ५५ अंशांत गेला की त्याच गुणाकाराने ताण ६० वर पोहोचतो. द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीचा विचार केला तर तापमान उणे २५३. तिथे हाच गुणाकार शंभराच्या पुढे जातो. इतक्या थंडीत गुणधर्म बदलतात, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा घेऊ नये, पण दिशा खरी आहे. १९९९ च्या नोव्हेंबरात नासाच्या एक्स-३३ यानाची कम्पोझिट हायड्रोजन टाकी चाचणीनंतर फाटली. तिच्या आतल्या पातळ आवरणात सूक्ष्म तडे गेले होते आणि त्यांतून हायड्रोजन मधल्या गाभ्यात शिरला होता. रेसिड्युअल स्ट्रेस हा फक्त आकार बिघडण्याचा प्रश्न आहे असे कुणी म्हणाले, तर मला ही टाकी आठवते.

कागदावरचे दुसरे गणित कोनाचे. ब्रॅकेटचा कोपरा म्हणजे एक कंस. त्याची आतली कड आणि बाहेरची कड यांच्या लांबीतला फरक म्हणजे जाडी गुणिले वळणाचा कोन. कडांच्या लांबीला तंतू धरून आहेत, म्हणून लांबी फारशी बदलत नाही. जाडीच्या दिशेने मात्र धरायला कुणीच नाही, तिथे फक्त रेझिनचे राज्य. जाडी घटली आणि लांबीतला फरक तोच राहिला, तर वळण वाढलेच पाहिजे. वळण ९० चे ९१ झाले की दोन फ्लँजमधला कोन ८९ होतो. कोन बाहेर न उघडता आत का मिटतो, ते एवढ्यात समजते.

आकडे घालू. थर एकमेकांना आडवे अडवतात, त्यामुळे त्यांचे न झालेले आखडणे जाडीच्या दिशेला वळते आणि लॅमिनेटचा जाडीतला प्रसरण गुणांक ३० न राहता ४२ च्या आसपास जातो. त्यातून लांबीचा २.५ वजा केला, १५५ ने गुणले आणि ९० अंशांनी गुणले की सुमारे ०.५५ अंश. हा झाला औष्णिक वाटा. जेल झाल्यानंतरचे रासायनिक आखडणे जाडीच्या दिशेत ०.४५ टक्के धरले, तर आणखी ०.४ अंश. बेरीज ०.९५. विमानाच्या एपॉक्सी भागांत कोन मिटण्याचे प्रमाण साधारण अर्धा ते दोन अंश दिसते. आपण कागद-पेन्सिलीने त्याच पट्ट्यात येऊन पोहोचलो. हे सूत्र रॅडफर्डच्या नावाने ओळखले जाते. पुढे कुठलेही मॉडेल बांधा, त्याच्या उत्तराशेजारी हे ०.९५ लिहून ठेवा. मॉडेल ०.२ किंवा ४ सांगत असेल, तर चूक आधी मॉडेलमध्ये शोधा.

सॉफ्टवेअर लागते ते यापुढे. वरच्या दोन्ही गणितांत एक मोठे गृहीतक दडले आहे: १८० अंशांपर्यंत ताण शून्य, आणि तिथून खाली पदार्थ एकसारखा लवचीक. प्रत्यक्षात रेझिन आधी पातळ असते, मग जेल होते, मग रबरासारखे, मग काचेसारखे कडक. कुठल्या अवस्थेत किती आखडणे झाले, यावर त्यातले किती ताणात उतरते ते ठरते. पातळ असताना झालेले आखडणे ताण देत नाही, रेझिन वाहून जागा भरते. रबरी अवस्थेतले आखडणे ताण थोडाच देते, पण आकार पुष्कळ बदलते. कडक अवस्थेतले आखडणे पूर्ण ताणात उतरते. क्युअरिंगचे मॉडेल म्हणजे मुळात हा हिशेब आहे. कोणत्या क्षणी काय गोठले, त्याची खातेवही. बाकीचे सगळे त्या खातेवहीची सोय आहे.

या विषयाची वाट अनेक दशकांच्या कष्टांतून आली आहे. १९७५ मध्ये हान आणि पगानो यांनी क्युअरिंगच्या ताणांचे लॅमिनेटवर गणित मांडले. १९८३ मध्ये लूस आणि स्प्रिंगर यांनी उष्णता, रासायनिक क्रिया आणि रेझिनचा प्रवाह एकत्र बांधले. १९९२ चा बोगेट्टी आणि गिलेस्पी यांचा जाड लॅमिनेटवरचा निबंध आजही पहिल्यांदा वाचावा असाच आहे, कारण त्यात क्रियेच्या प्रमाणानुसार रेझिनचा मॉड्युलस कसा चढवायचा आणि त्यावरून थराचे गुणधर्म कसे काढायचे, हे पायरीपायरीने दिले आहे.

पहिली पायरी उष्णतेची. रेझिनचे क्युअरिंग किती झाले हे शून्य ते एक अशा आकड्याने मोजतात, आणि तो आकडा कोणत्या वेगाने वाढतो यासाठी बहुतेक जण कमाल यांच्या नावाचे समीकरण वापरतात. त्यातले स्थिरांक डीएससी यंत्रावर मिळतात. रेझिनचा कण तापवायचा आणि बाहेर पडणारी उष्णता मोजायची. शुद्ध एपॉक्सीत ती साधारण ४०० ते ६०० ज्यूल प्रति ग्रॅम असते. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. प्रीप्रेगमध्ये वजनाने साधारण एक तृतीयांशच रेझिन असते, बाकी तंतू. शुद्ध रेझिनची उष्णता अख्ख्या लॅमिनेटच्या वजनाला लावली की मॉडेलमधला भाग मध्यभागी भट्टीसारखा पेटतो. उत्तर भीतिदायक असते, म्हणून लोक ते लगेच खरे मानतात आणि सायकल बदलायला निघतात. आधी वजनाचे प्रमाण तपासा.

भाग दोन-चार मिलिमीटर जाड असेल, तर खरे सांगायचे तर ही सगळी पायरी जवळजवळ सोडून देता येते. पातळ भागात आतबाहेर तापमान सारखेच राहते. हेक्सेलच्या ८५५२ रेझिनची सायकल घ्या: ११० अंशांना तासभर, मग १८० ला दोन तास. पातळ भाग तिच्याबरोबर चालतो. थर्मोकपलची नोंद थेट मॉडेलला द्या आणि पुढे चला. वीस-तीस मिलिमीटर जाडीला मात्र उष्णता हाच मुख्य विषय. गाभा बाहेरच्यापेक्षा जास्त तापतो, आधी किंवा नंतर जेल होतो, आणि थरांच्या अडवणुकीखेरीज जाडीभर वेगळा ताण तयार होतो. उन्हात घातलेला पापड ज्या बाजूने आधी वाळतो त्या बाजूला वळतो, तशी ही गोष्ट आहे. फक्त इथे वाळण्याऐवजी क्युअरिंग आहे, आणि वळायची मोकळीक नसली की वळण ताण होऊन आत राहते.

दुसरी पायरी जेल होण्याच्या क्षणाची. हा आकडा दुसऱ्याच्या निबंधातून उचलू नका. फ्लोरीच्या सिद्धांतानुसार दोन हातांचे एपॉक्सी आणि चार हातांचा हार्डनर असेल, तर क्युअरिंग ५८ टक्के झाल्यावर जाळे पूर्ण होते. दोघांनाही चार-चार हात असतील तर ३३ टक्क्यांवरच. विमानातली रेझिन अशा घटकांची मिश्रणे असतात, त्यामुळे खरा आकडा रिओमीटरवर काढावा. हा क्षण दहा टक्क्यांनी चुकला तर ताणात रूपांतर होणारे आखडणे बदलते आणि कोनाचे उत्तर हलते. सगळ्या मोजण्यांपैकी एकच करायला पैसे असतील, तर मी आधी ही करेन.

त्याच्या जोडीला टीजी, म्हणजे रेझिन काचेसारखे कडक होण्याचे तापमान. क्युअरिंग वाढते तसे टीजी चढते. कच्च्या रेझिनमध्ये ते शून्याखाली असते, पूर्ण क्युअर झाल्यावर २०० च्या आसपास. दोन-चार नमुने अर्धवट क्युअर करून डीएमए यंत्रावर टीजी मोजले आणि त्यांतून डिबेनेडेटोचे वक्र काढले की काम होते. आता प्रत्येक क्षणी एक वजाबाकी करा: त्या वेळचे टीजी वजा त्या वेळचे तापमान. फरक धन असेल तर रेझिन कडक, ऋण असेल तर रबरी.

व्हँकुव्हरच्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात जॉन्स्टन, वझिरी आणि पौरसर्तिप यांनी २००१ मध्ये याच वजाबाकीवर उभे केलेले मॉडेल चाइल या संक्षेपाने प्रसिद्ध आहे. फरकाच्या एका टोकाला रबरी मॉड्युलस, दुसऱ्या टोकाला काचेचा, मध्ये सरळ रेषा. स्वीडनच्या स्वानबर्ग आणि होल्मबर्ग यांनी २००४ मध्ये आणखी सोपी वाट दाखवली: फक्त दोन अवस्था, आणि पदार्थ कडकाचा पुन्हा रबरी झाला तर आत गोठलेला ताण पुसून टाकायचा. पूर्ण व्हिस्कोइलॅस्टिक मॉडेलही आहे आणि ते भौतिकशास्त्राला जास्त धरून आहे, पण त्याला लागणाऱ्या चाचण्या महिनोन् महिने चालतात. साधी एकसंध सायकल असेल तर चाइल पुरते. दोन टप्प्यांचे क्युअरिंग असेल, म्हणजे आधी कमी तापमानात कडक करून, साच्यावरून काढून, मग मोकळ्यावर पोस्ट-क्युअर, तर स्वानबर्ग आणि होल्मबर्ग यांचीच वाट धरा. दुसऱ्यांदा तापवताना पदार्थ टीजी ओलांडतो, आणि चाइलला त्या वेळी ताण सैल करता येत नाही.

अबॅकसमध्ये हे स्वतः लिहायचे असेल तर हेटव्हॅलमध्ये उष्णता, यूएक्सपॅनमध्ये औष्णिक आणि रासायनिक स्ट्रेन आणि यूमॅटमध्ये ताण अशी विभागणी सोयीची पडते. तयार सोय हवी तर अन्सिसचे क्युअर सिम्युलेशन आणि कॉम्प्रो ही साधने आहेत. कोणतेही वापरा, पण पुढच्या दोन चुका मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की त्यांच्यावर थांबायलाच हवे.

पहिली चूक यूमॅटमध्ये होते. मॉड्युलस दर क्षणी बदलतो आहे, आणि प्रोग्रॅम लिहिणारा ताण बरोबर मॉड्युलस गुणिले एकूण स्ट्रेन असे लिहितो. ओळ दिसायला निर्दोष असते. रबरी अवस्थेत रेझिन अर्धा टक्का अडवले गेले आणि मॉड्युलस २० मेगापास्कल होता, तर ताण ०.१ मेगापास्कल. पुढे मॉड्युलस ३५०० झाला. एकूण स्ट्रेनने गुणले तर त्याच जुन्या अडवणुकीचा ताण साडेसतरा होतो, मध्ये काहीही न घडता. पदार्थाने नंतर कडक होऊन जुना हिशेब पुन्हा मांडला, असा त्याचा अर्थ. निसर्गात असे होत नाही. प्रत्येक पायरीला त्या पायरीत वाढलेला स्ट्रेन तेव्हाच्या मॉड्युलसने गुणा आणि आधीच्या ताणात मिळवा. तपासायला सोपी चाचणी आहे: एकच एलिमेंट घ्या, रबरी असताना ओढा, धरून ठेवा, मग तापमान न बदलता आणि आखडणे बंद ठेवून मॉड्युलस चढवा. ताण जागचा हलता कामा नये.

दुसरी चूक पॉयसन गुणोत्तराची. ती जास्त लबाड आहे, कारण तिचे उत्तर वेडेवाकडे येत नाही, फक्त कमी येते. रेझिनचा मॉड्युलस ३५०० वरून २० वर आणताना बरेच जण पॉयसन गुणोत्तर ०.३५ च ठेवतात. तसे केले की सर्व बाजूंनी दाबण्याला होणारा विरोध, म्हणजे बल्क मॉड्युलस, २२ मेगापास्कलवर उतरतो. खरे रबरी एपॉक्सी आकार बदलायला मऊ असले तरी आकारमान बदलायला मऊ नसते, तिथे ते अजून २००० च्या आसपास असते. शंभर पटींची चूक. परिणाम थेट कोनावर होतो. तंतूंनी पातळीत अडवलेले आखडणे जाडीकडे वळते ते रेझिन दाबले जात नाही म्हणून. मॉडेलमधले रेझिन स्पंजासारखे दबणारे केले की ते वळणेच थांबते आणि कोन मिटल्याचे दिसत नाही. रबरी अवस्थेत बल्क मॉड्युलस दिलेला ठेवा आणि त्यावरून पॉयसन गुणोत्तर काढा, ते ०.४९८ च्या जवळ येईल. रबरी अवस्थेतला प्रसरण गुणांकही काचेच्या दोन ते तीन पट असतो, तो वेगळा द्या.

एलिमेंटविषयी एकच आग्रह: कोपऱ्याच्या कामाला शेल एलिमेंट वापरू नका. कोन मिटतो तो जाडी घटल्यामुळे, आणि साध्या शेलला जाडीची घट कळतच नाही. सुंदर जाळे, झटपट उत्तर आणि कोन नव्वदच्या नव्वद! घन एलिमेंट घ्या, कोपऱ्यात जाडीभर निदान चार, आणि एकघाती साधे एलिमेंट वाकण्यात अडकतात म्हणून द्विघाती किंवा इन्कॉम्पॅटिबल मोडचे घ्या. थरांच्या दिशा कोपऱ्याबरोबर वळल्या पाहिजेत. हे ऐकायला बाळबोध वाटते, पण दिशादर्शक बाण पडद्यावर काढून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. कोपऱ्यात जाडी बदलते, हेही ध्यानात असू द्या. बाह्यवळणाच्या साच्यावर दाब कोपरा पातळ करतो, अंतर्वळणाच्या साच्यात तिथे रेझिन साठून कोपरा जाड होतो. पहिला भाग कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघा आणि तीच जाडी मॉडेलला द्या.

आता साचा. ॲल्युमिनियम दर अंशाला २३ भाग वाढते, पोलाद १२, इन्व्हार दीडच्या आसपास. मीटरभर लांबीचा ॲल्युमिनियमचा साचा १८० अंशांना साडेतीन मिलिमीटरने लांबलेला असतो, आणि त्यावरचे लॅमिनेट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. सात बारच्या दाबाने दोघे एकमेकांवर घट्ट बसलेले असतात. साचा लांबताना लॅमिनेटच्या सगळ्यात खालच्या थराला सोबत ओढतो. वरचे थर अजून मऊ रेझिनवर घसरतात, त्यामुळे ते तेवढे ओढले जात नाहीत. खालचा थर ओढलेल्या अवस्थेतच गोठतो. साच्यावरून सोडवल्यावर तो आखडतो आणि सपाट पट्टीसुद्धा मधून उचलून कमानीसारखी होते. भाग जितका लांब आणि पातळ, तितकी ही कमान ठळक. सममित लॅमिनेट वाकतच नाही असे पुस्तकात वाचून आलेल्यांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट हीच.

मॉडेलमध्ये याचे दोन मार्ग. एक, साचा खरा ठेवून मध्ये घर्षणाचा संपर्क द्यायचा. दुसरा, मध्ये मऊ कातर-थर ठेवून त्याचे गुणधर्म प्रयोगाशी जुळवायचे. घर्षण गुणांक रिलीज एजंटवर, रिलीज फिल्म एक आहे की दोन यावर, साचा किती वापरलेला आहे यावर बदलतो. म्हणून मी साच्याच्या परिणामाची उत्तरे नेहमी एका आकड्यात न देता पट्ट्यात देतो. इन्व्हारचा साचा किंवा दोन रिलीज फिल्म वापरून हा परिणाम प्रत्यक्षातच कमी करता आला, तर मॉडेलमध्ये डोके फोडण्यापेक्षा ते शहाणपणाचे. शेवटी साचा काढण्याची पायरी वेगळी ठेवा: संपर्क बंद करा, आणि भागाला फक्त सहा बंधने द्या, तीन बिंदूंवर वाटून. एखादे बंधन जास्त पडले की भाग मोकळा होतच नाही, आणि मोकळा न झालेला भाग तुम्हाला नव्वद अंश दाखवतो.

हे सगळे खरे की नाही ते ठरवणारी चाचणी स्वस्त आहे आणि फार थोडे लोक ती करतात. निम्मे थर शून्य अंशांचे आणि निम्मे नव्वदचे, सममित नसलेली, मिलिमीटरभर जाडीची, अरुंद पट्टी त्याच सायकलमध्ये भागाशेजारी ठेवा. थंड झाल्यावर ती वाकते, जशी दोन धातूंची थर्मोस्टॅटची पट्टी वाकते. टिमोशेंकोने १९२५ मध्ये दिलेले द्विधातू पट्टीचे सूत्र आपल्या आकड्यांना लावले तर त्रिज्या सुमारे २५० मिलिमीटर येते. दोनशे मिलिमीटर लांबीच्या पट्टीचा मध्य सपाट पृष्ठापासून जवळजवळ वीस मिलिमीटर उचललेला असतो. फूटपट्टीने मोजता येईल एवढा! पट्टी अरुंदच ठेवा. रुंद चौकोनी तुकडा एकदा एकीकडून आणि ढकलला तर दुसरीकडून गोल होतो, हे हायरने १९८१ मध्ये दाखवले आहे, आणि तिथे साधे सूत्र चालत नाही.

पट्टी मोजली की ती ओव्हनमध्ये काचेच्या दारामागे ठेवा आणि हळूहळू तापवा. वाक कमी होत जातो. फक्त औष्णिक कारण असते तर ती क्युअरिंगच्या तापमानाला सरळ झाली असती. तिथेही थोडा वाक उरला, तर तो उरलेला वाक रासायनिक आखडण्याचा आणि साच्याचा. म्हणजे एका पट्टीने मॉडेलचे दोन वाटे वेगळे करून दिले. टीजीच्या जवळ फार वेळ थांबू नका, ताण सैल होऊ लागतो. वातावरणातला ओलावा शोषून रेझिन फुगते आणि वाक आपोआप कमी होतो. पावसाळ्यात आठवडाभर टेबलावर पडलेल्या पट्टीवर मॉडेल जुळवले, तर ते मॉडेल कोरड्या भागाला चुकीचे उत्तर देईल. पट्टी साच्यावरून काढली त्याच दिवशी मोजा, नाहीतर सिलिका जेल घालून बंद पिशवीत ठेवा.

पट्टीशी मॉडेल जुळले नाही तर? मोह असा होतो की रासायनिक आखडण्याचा आकडा हलवून वक्र बसवावे. एका पट्टीवर ते नेहमी जमते, म्हणूनच त्याचा उपयोग नाही. तीन जाड्यांच्या पट्ट्या करा. औष्णिक आणि रासायनिक स्ट्रेन बरोबर असेल तर त्रिज्या जाडीच्या सरळ प्रमाणात बदलते. एका जाडीला जुळते आणि दुसऱ्या जाडीला सुटते असे दिसले, तर साच्याच्या संपर्कात किंवा तापमानाच्या फरकात काहीतरी राहिले आहे. मग त्या पायरीकडे परत जा. आकडे हलवण्याआधी एकच गोष्ट बदला आणि ती का बदलली ते वहीत लिहा.

मॉडेल पट्ट्यांवर उभे राहिले की दोन गोष्टी मागता येतात. पहिली, साच्याची भरपाई. कोन ०.९५ अंशांनी मिटणार असेल तर साचा ९०.९५ अंशांचा कापून घ्यायचा, म्हणजे भाग नव्वदचा निघतो. जटिल वळणांच्या भागात मॉडेलचे विस्थापन उलटे करून साच्याचा पृष्ठभाग काढतात आणि पुन्हा चालवून तपासतात. दोन फेऱ्यांत बहुतेक भागते. दुसरी मागणी सायकलची. रेझिन शक्य तितक्या कमी तापमानाला कडक होऊ दिले, तर थंड होण्याचा प्रवास लहान होतो आणि ताण घटतो. त्याची किंमत ऑटोक्लेव्हच्या तासांत मोजावी लागते, आणि क्युअरिंग अपुरे राहिले तर टीजीत. हा सौदा मॉडेल फार छान मांडून देते. पाच सायकली संगणकावर, एक प्रत्यक्षात.

ताकदीचे विश्लेषण करणाऱ्या सहकाऱ्याला मात्र कोनाचा आकडा देऊन थांबू नका. त्याच्या मॉडेलमध्ये भाग सहसा ताणविरहित सुरू होतो. तुमच्या फाइलमधला थराथराचा ताण त्याच्या पहिल्या पायरीत प्रारंभिक ताण म्हणून घालून द्या, आणि तापमान उणे ५५ ला नेऊन मगच भार लावायला सांगा. पहिला थर कोणत्या भाराला तडकतो, तो आकडा दोन्ही प्रकारे काढा आणि एकाशेजारी एक ठेवून डिझाइन बैठकीला न्या.